घरांतील खाजगी कागदांची विल्हेवाट



सुशिक्षित म्हणविणाऱ्या प्रत्येक घरांत एखादें कपाट, एखादी पेटी, निदान एखादी कापडी पिशवी अशी असतेच, कीं जिच्यांतील कागद कशासाठीं ठेवले आहेत हें कोणास सांगतां येत नाहीं आणि ते टाकून देण्याचें धैर्यहि कोणास होत नाहीं. बँकांचीं जुनीं पासबुकें, विजेचीं बिलें, विम्याच्या पावत्या, दवाखान्यांतील तपासण्यांचे अहवाल, मुलांच्या परीक्षांचीं प्रवेशपत्रें, आणि अलीकडे तर आधारपत्राच्या झेरॉक्स प्रतींचे गठ्ठेच्या गठ्ठे! दिवाळीपूर्वींच्या साफसफाईंत हा ढीग बाहेर निघतो आणि घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, रद्दीवाल्यास द्या. दुसरा म्हणतो, मागच्या अंगणांत नेऊन काडी लावा. हे दोन्ही मार्ग आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे तरी कां टाकावे, आणि बादलीभर पाण्याचा तिसरा मार्ग कसा आचरावा, हें आज सांगण्याचें योजिलें आहे.

रद्दी देणारांचा पक्ष दिसण्यांत शहाणा आहे. कागद वायां जात नाहीं आणि चार पैसेहि हातीं लागतात. रद्दीवाल्याचें काम वजनाशीं असतें, वाचण्याशीं नव्हे, हेंहि खरें. परंतु त्याच्या तागडींतून उतरलेला कागद पुढें कोणत्या वाटेनें जाईल तें त्यासहि ठाऊक नसतें. कांहीं कारखान्यांत जातो, कांहीं पुड्या बांधणाराकडे. छापील वर्तमानपत्रांत खाण्याचे पदार्थ बांधूं नयेत असें अन्नसुरक्षा प्राधिकरणानें बजावलें आहे, तरी फुटाण्यांची पुडी अद्याप छापील कागदाचीच होते, आणि फुटाणे संपल्यावर पुडी उलगडून वाचण्याची संवय तर आपणां सर्वांसच आहे.

आतां एखाद्या कर्जाच्या अर्जाची प्रत समोर धरा. तींत नांव आहे, वडिलांचें नांव आहे, जन्मतारीख, पत्ता, मोबाईलचा क्रमांक, बँकेच्या खात्याचा क्रमांक आणि खालीं सही. यांतील कोणतीहि एक गोष्ट सुटी असली तर तिचें फारसें भय नाहीं. पत्ता पोस्टमनास ठाऊक असतो आणि जन्मतारीख नातलगांस. सर्व एका पानावर आलीं म्हणजे मात्र तें पान ज्याच्या हातीं पडेल तो आपणच ती व्यक्ति आहों असा बहाणा करूं शकतो. दुसऱ्याच्या कागदांवर सिमकार्डें घेतल्याचे प्रकार देशांत वारंवार उघडकीस आले आहेत. आपल्या नांवावर मोबाईलच्या किती जोडण्या आहेत हें दूरसंचार खात्यानें २०२३ सालीं सुरू केलेल्या ‘संचार साथी’ या सोयींतून पाहतां येतें. ज्यांनीं तें पाहिलें नसेल त्यांनीं आजच पाहावें. बँका ओळख पटविण्यासाठीं आईचें माहेरचें नांव विचारीत आल्या आहेत, आणि आपली लग्नपत्रिका तर आजोळासकट सारें वंशवृत्त छापून गांवभर वांटली जाते! तिला कोणता उपाय सुचवावा हें मला कळत नाहीं.

आतां जाळणारांचा पक्ष. अग्नींत सर्व कांहीं निःशेष होतें अशी आपली समजूत असते, ती पुस्तकाच्या किंवा गठ्ठ्याच्या बाबतींत खरी नाहीं. जुनें पासबुक पेटवून पाहावें. कडा काळ्या होतात आणि आंतलीं पानें तशींच राहतात. कारण दाबून बसलेल्या पानांमध्यें हवा शिरत नाहीं आणि हवेवांचून ज्वाला जगत नाहीं. काळें पडलेलें पानहि तिरप्या उजेडांत पुष्कळदां वाचतां येतें, म्हणूनच गुन्ह्यांचा तपास करणारे लोक जळके कागद कापसावर ठेवावे इतक्या जपून उचलून नेतात. शिवाय एप्रिलच्या वाऱ्यावर अर्धें जळलेलें पान उडून कोणाच्या छपरावर जाईल याचा नेम काय?

चंद्रपूरच्या हवेविषयीं येथील रहिवाशांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २००९ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषणाचा निर्देशांक काढला, त्यांत आपलें चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून चवथें आलें. माझा सारा जन्म शाळेंत गेला. परंतु ज्या परीक्षेंत नापास होणेंच भूषणाचें, अशी परीक्षा मीं हीच पाहिली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २२ डिसेंबर २०१६ रोजीं देशभर उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी करून साध्या प्रकारास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली. आणि मूल, सिंदेवाही, आरमोरी, धानोरा, अहेरी अशा ठिकाणीं, जेथें परसाची आणि सागाच्या पानगळीची हद्द फारशी दूर नसते, तेथें तर हा प्रश्न दंडाच्याहि पलीकडचा आहे. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंतचा काळ वनखात्याच्या हिशेबीं वणव्याचा हंगाम. राखीव जंगलांत विस्तव लावणें किंवा नेणें हा १९२७ च्या वन अधिनियमाप्रमाणें गुन्हा आहेच. परंतु वाऱ्यावर उडालेल्या ठिणगीस हद्द समजत नाहीं, आणि मोहफुलांच्या दिवसांत वाळलेल्या पाचोळ्यास एक ठिणगी पुरते.

या सर्वांहून मोठा आक्षेप मात्र निराळाच आहे. अग्नि वाचीत नाहीं. ज्यास जाळावयाचें आहे तोहि वाचीत नाहीं. तो गठ्ठा उचलतो आणि टाकतो. आणि आपल्या या दोन जिल्ह्यांत न वाचतां नाहींसा केलेला कागद कधीं कधीं एका कुटुंबाचा हक्कच घेऊन जातो.

वनहक्कांचा कायदा २००६ सालीं झाला. जंगलांतील जमीन जे कसतात त्यांनीं १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून ती आपल्या ताब्यांत आहे असें दाखवावें लागतें. आणि जे आदिवासी नाहींत त्यांस तर त्या तारखेपूर्वीं तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, तेथील वास दाखवावा लागतो. पुरावा कोणता चालतो? २००८ च्या नियमांत जी यादी आहे तींत शिधापत्रिका आहे, मतदाराचें ओळखपत्र आहे, रहिवासाचा दाखला आहे आणि घरपट्टीची पावतीहि आहे. ज्या पावतीस शहरांतील मनुष्य दोन वर्षांनीं फाडून टाकील ती पावती कुरखेड्याच्या किंवा एटापल्लीच्या बाजूस एखाद्याच्या शेताचें मूळ ठरूं शकते. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो देशांतील अगदीं पहिल्या अशा हक्कांपैकीं होय. गांवानें तो सभेच्या बळावर मिळविला, परंतु सभेच्या बोलण्यामागें जुन्या निस्तार हक्कांच्या नोंदींचा आधार होता.

दुसरें उदाहरण जातीच्या दाखल्याचें. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठीं ६ सप्टेंबर १९५० पूर्वींचा, अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठीं १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा, विमुक्त व भटक्या जमातींसाठीं २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींचा आणि इतर मागासवर्गांसाठीं १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा मागतात. नातवाच्या प्रवेशासाठीं आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहींतील एक ओळ शोधावयास आलेलीं कुटुंबें मीं नोकरींत असतांना अनेक पाहिलीं. ज्यांचे आजोबा शाळेंतच गेले नाहींत त्यांच्याजवळ एखादें गहाणखत, एखादी मालगुजाराची पावती, कोतवालाच्या बुकांतील जन्माचा उतारा, एवढेंच असतें. मालगुजारी १९५१ सालीं संपली. त्या काळचा कागद आज पुन्हां कोण देणार?

आणखी एक घोटाळा लिपीचा आहे. घरांतील तरुण मंडळींस मोडी अक्षर म्हणजे शाई वाळली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ओढलेल्या रेघोट्या वाटतात. राजुरा भाग १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यांत होता, तेव्हां त्या बाजूच्या जुन्या घरांत उर्दू कागदहि निघतात, आणि ते वाचणारेहि घरांत उरलेले नसतात. वाचतां येत नाहीं तें निरुपयोगी, असा न्याय लावूं नये. २०२३ सालीं राज्य सरकारनें कुणबी नोंदींच्या शोधासाठीं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिति नेमली, तेव्हां मोडी जाणणारी माणसें शोधून आणावीं लागलीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा जो पहिला खंड प्रसिद्ध केला, तो वाई येथें हातीं लागलेल्या जुन्या पत्रांचा होता. तीं पत्रें कोणी दिवाळीच्या साफसफाईंत काढून टाकलीं असतीं तर पानिपताविषयींचें आपलें ज्ञान बरेंच तोकडें राहिलें असतें. म्हणून जो कागद १९७० पूर्वींचा असेल, किंवा ज्याची लिपी आपणांस येत नसेल, तो जाणत्यास दाखविल्यावांचून नष्ट करूं नये असा सरळ नियम घरांत असावा. खरेदीखतें, वाटणीपत्रें, मृत्युपत्रें, खाणीसाठीं किंवा धरणासाठीं गेलेल्या जमिनीच्या निवाड्याच्या प्रती, यांस हात लावण्याचा प्रश्नच नाहीं.

बाकीच्यांपैकीं पुष्कळ कागद खरोखरच टाकण्याचे असतात. विजेची थकबाकी ती प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनीं, मधल्या काळांत बिलांत सतत दाखविली नसल्यास, वसूल करतां येत नाहीं असें २००३ च्या वीज अधिनियमांत आहे. तेव्हां भरलेल्या बिलांचा गठ्ठा तीन वर्षांपलीकडे वाढवूं नये. चेकची मुदत १ एप्रिल २०१२ पासून तीन महिन्यांची झाली आहे. प्राप्तिकराचे कागद मात्र मी आठ वर्षें ठेवतों, त्यांत नियमापेक्षां स्वभावाचा भाग अधिक असेल.

आतां विल्हेवाटीकडे वळूं. कागद नुसता फाडला म्हणजे गुप्त झाला, ही समजूत दोन मोठ्या उदाहरणांनीं खोटी ठरली आहे. ४ नोव्हेंबर १९७९ रोजीं तेहरान येथील अमेरिकन वकिलात विद्यार्थ्यांनीं ताब्यांत घेतली, तेव्हां आंतल्या लोकांनीं यंत्रांतून कागदांच्या उभ्या पट्ट्या काढल्या होत्या. इराणी लोकांनीं त्या पट्ट्या धीर धरून शेजारीं शेजारीं लावल्या, त्या कामीं गालिचे विणणारांचें साहाय्य घेतलें असें सांगतात, आणि पुढें त्या कागदांचे खंडच्या खंड छापून काढले. दुसरें उदाहरण पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचें. १९८९ सालीं राज्य कोसळूं लागलें तेव्हां त्यांचीं यंत्रें कामाच्या रगाड्यांत बंद पडलीं आणि त्यांनीं हातांनीं कागद फाडून पोतीं भरलीं, तीं सुमारें १६,००० निघालीं. १९९५ पासून जर्मन सरकारनें माणसें बसवून शेंकडों पोत्यांतील तुकडे जुळविले. आपल्या पासबुकासाठीं इतके कष्ट कोणी घेणार नाहीं हें खरें. परंतु खात्याचा क्रमांक एका ओळींत असतो आणि कागद आडव्या पट्ट्यांत फाडला तर ती ओळ पट्टीवर अखंड राहते, तेव्हां जुळविण्याचे कष्टहि पडत नाहींत. म्हणून फाडावयाचेंच तर आकड्यांच्या मधून उभें फाडावें. यंत्र घ्यावयाचें असेल तर पट्ट्या काढणारें न घेतां बारीक तुकडे करणारें घ्यावें. जर्मन प्रमाणांतील चवथ्या पायरीच्या यंत्राचा तुकडा १६० चौरस मिलिमीटरहून मोठा नसतो. आकड्यांवर काळी शाई फासण्यानें समाधान होत असेल तर कागद उजेडासमोर धरून पाहावा.

रिझर्व्ह बँक पूर्वी जीर्ण नोटा भट्टींत जाळीत असे. आतां ती यंत्रानें त्यांचा चुरा करते आणि दाबून विटा पाडते. २०१६ च्या नोटाबंदीनंतर त्या चुऱ्यांतला कांहीं केरळांत कन्नूर येथील प्लायवुडच्या एका कारखान्यानें लगद्यांत मिसळून त्याचे तक्ते बनविले. जिनें नोटांची गुप्तता राखावयाची त्या संस्थेनें अग्नि सोडला, मग आपण कां धरून ठेवावा?

कागद हा मूळचा पाण्यांतून आलेला पदार्थ आहे, आणि हें समजण्यास आपणांस दूर जावें लागत नाहीं. बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी १९४५ सालीं स्थापन झाली, आणि आपल्या या जंगलांतला बांबू त्या कारखान्यानें दशकानुदशकें खाल्ला. बांबूचे तुकडे दाहक सोड्यांत शिजवितात, त्यांतील तंतु सुटे होतात, ते भरपूर पाण्यांत पसरून जाळीवर गाळतात आणि दाबून वाळवितात, झाला कागद. तंतूंस चिकटवून ठेवणारी वेगळी सरस अशी फारशी नसते. पाणी निघून गेल्यावर तंतु एकमेकांस अंगच्याच आकर्षणानें धरून राहतात, आणि पुन्हां पाणी शिरलें कीं सोडून देतात. शाईं पसरूं नये म्हणून कागदास खळ किंवा तशीं द्रव्यें दिलेलीं असतात, त्यामुळें पाणी शिरण्यास वेळ लागतो एवढेंच.

कृति सोपी आहे. प्रथम टांचण्या आणि प्लास्टिकचीं वेष्टनें काढावीं. कागद हातानें तळव्याएवढे फाडावे. फाडतांना प्रत्येक पान डोळ्यांखालून जातें आणि ठेवण्याजोगें एखादें असलेंच तर तें येथें सांपडतें. पंधरा लिटरच्या बादलींत अर्ध्या किलोहून, म्हणजे साधारण शंभर पानांहून, अधिक कागद घालूं नये. वर कोमट पाणी आणि मूठभर धुण्याचा सोडा. रात्रभर, शक्य तर दोन रात्री, तसेंच राहूं द्यावें. नंतर जुन्या रवीनें किंवा जाड काठीनें घुसळावें. येथें कंटाळा करूं नये. झेरॉक्स यंत्राची काळी पूड वस्तुतः प्लास्टिकसारखी असते, ती पाण्यांत विरघळत नाहीं. बॉलपेनची शाईहि निघून जात नाहीं. तेव्हां नुसतें भिजविल्यानें अक्षर पुसलें जात नाहीं, अक्षराखालचा कागद विसकटला म्हणजेच तें नाहींसें होतें. मूठभर लगदा कांचेच्या पेल्यांत पाण्यांत सोडून पाहावा. त्यांत एकहि आकडा ओळखूं आला तर पुन्हां घुसळावें. घरच्या वडीलधाऱ्यांस हें विचित्र वाटणार नाहीं. झिजलेल्या पोथ्या आपण पाण्यांतच सोडीत आलों. फक्त इरई किंवा वैनगंगेऐवजीं हें विसर्जन बादलींत व्हावें.

खड्ड्यांत पुरण्याची सूचना मला एकानें केली होती. आपल्याकडे वाळवी भरपूर आहे, ती कागद खाते हेंहि खरें. परंतु कोणतें पान आधीं खावें हें ती आपणांस विचारीत नाहीं, आणि पहिल्या पावसांत उरलेलीं पानें वर येतात.

पाण्यास न जुमानणाऱ्या वस्तूंची गोष्ट वेगळी. प्लास्टिकमध्यें बंद केलेल्या कागदांत पाणी शिरत नाहीं. त्यांच्या कडा कापून आंतला कागद सोलून काढावा. बँकेचें कार्ड सोनेरी चकतीमधून, मागच्या काळ्या पट्टीमधून आणि आकड्यांमधून कापावें. आधारपत्रावरील क्यूआर संकेताचा चौकोन दोन तुकडे करून सोडूं नये. असे चौकोन कांहीं भाग खराब झाला तरी वाचतां यावे अशा हिशेबानेंच बनविलेले असतात, आणि कांहीं प्रकारांत तीस टक्क्यांपर्यंत नासलेला चौकोनहि यंत्र वाचतें. त्याचे आठ-दहा तुकडे करून ते निरनिराळ्या आठवड्यांच्या सुक्या कचऱ्यांत टाकावे. पैसे काढण्याच्या यंत्रांतून येणारी गुळगुळीत चिठी शाईनें छापलेली नसते, उष्णतेनें काळी केलेली असते. तिच्यावर गरम इस्त्री फिरविली कीं ती सबंध काळी होते आणि मजकूर झांकला जातो. तिच्या लेपांत हानिकारक रसायनें असतात म्हणून ती लगद्यांत मात्र मिसळूं नये.

मुळांत ढीगच कमी झाला तर बरें. आधारपत्राची प्रत मागितली असतां बारापैकीं पहिले आठ आकडे झांकलेली प्रत पुष्कळ ठिकाणीं पुरते, ती आधारच्या संकेतस्थळावरून मिळते. पूर्ण प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवें, मजकुरावरूनच, ‘केवळ अमुक कामासाठीं’ असें तारखेसह लिहावें. आणि झेरॉक्सच्या दुकानांत बिघडलेली प्रत तेथील टोपलींत न टाकतां मागून घ्यावी. दुकानदार क्षणभर पाहतो; पाहूं द्यावें.

उरला लगदा. तो पिळून गोळे करून रद्दींत दिला तरी आतां हरकत नाहीं. परंतु आपल्या आजींच्या पिढीस त्याचा अधिक चांगला उपयोग ठाऊक होता. मेथीचे दाणे रात्रभर भिजवून वाटावे, लगद्यांत मिसळावे आणि बुरुडाकडून आणलेल्या नव्या सुपाच्या किंवा टोपलीच्या फटींवर तें दोन्ही अंगांनीं पातळ थापावें. मेथीच्या चिकटपणानें लगदा बांबूस धरतो, आणि तिच्या कडूपणानें किडा लागत नाहीं असा बायकांचा अनुभव आहे. धान्य पाखडण्याच्या सुपास छापील कागद न वापरतां कोऱ्या कडांचा लगदा निराळा काढून वापरावा. छापील लगद्याची टोपली चपला-छत्र्यांस ठीक. ती उन्हांत चार दिवस वाळवावी लागते. जुलै-ऑगस्टमध्यें हें काम काढूं नये. लगदा वाळत नाहीं, त्यास बुरशी येते आणि घरभर आंबूस वास सुटतो.